कुंपणावरचं इंग्रजी

मी इंग्रजी शिकायला लागले तेव्हा साठीची होते. म्हणजे अगदीच अजाण वय. आता सत्तरीच्या जवळ येऊन त्या बाईकडं वळून बघते तेव्हा वाटतं, हिचा कान धरून हिला कोपऱ्यात बसवायला हवं होतं. क्लासला निघताना तोंडाला पावडर काय, पर्समध्ये दोन दोन पेनं काय! शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत तालमीच्या कट्ट्यावर पोरं बसलेली असायची. त्यांच्यातल्या एखाद्यानं "काय काकू, कुठं निघालासा?" म्हणून विचारलं की ही बाई "स्पोकन इंग्लिश!" असं एवढ्या मोठ्यानं सांगायची, की न विचारणाऱ्यालाही कळावं.

शिकायचं कारण एकच. माझा मुलगा इंग्लंडात आणि त्याची एकुलती एक मुलगी तिथंच जन्मलेली. व्हिडिओ कॉलवर आली की "हाय आजी" आणि "बाय आजी" यांच्या मधे आम्हा दोघींकडं काहीच नसायचं. मधली जागा मी नुसती हसून भरून काढायची. पोरीला मराठी कळायचं, पण बोलायला गेली की घास गरम लागल्यासारखं तोंड करायची. आणि मला आयुष्यात आता एकच हवं होतं. ह्या पोरीनं कधीतरी आईबापाशिवाय, एकटीनं माझ्याकडं यावं, राहावं, माझ्या खोलीत झोपावं, आणि आम्ही दोघींनी मिळून तिच्या आईबापाची मनसोक्त उणीदुणी काढावीत. आजी-नातीला याहून मोठं काम काय असतं? त्यासाठी लागेल ती भाषा शिकायची माझी तयारी होती. चिनी लागली असती तर चिनी शिकले असते.

आमचे सर शिकवायला चांगले होते, पण त्यांचं इंग्रजी इस्त्रीतलं. "हाऊ डू यू डू?" असं कुणी म्हणालं तर आपणही उलट "हाऊ डू यू डू?" म्हणायचं, हा पहिला धडा. मी घरी येऊन आरशापुढं दोन्ही बाजूंनी बोलायची. आमचे हे नुकतेच गेले होते. घर गप्प झालं होतं. आरशातली बाई निदान उत्तर तरी द्यायची.

पुढच्या वर्षी मुलगा मला तिकडं घेऊन गेला, चांगले सहा महिने. नात तेव्हा दहाची. पोहोचल्यावर दोनच दिवसांत तिला घेऊन मी कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेले. मनात "हाऊ डू यू डू" धरून ठेवलेलं. गल्ल्यावरचा पोरगा माझ्याकडं बघून म्हणाला, "यू ऑलराइट?"

हे आमच्या धड्यात नव्हतं. पण ऑलराइट म्हणजे ठीक, एवढं येत होतं. मला वाटलं, चेहरा उतरलेला दिसतोय माझा. किती कनवाळू पोरगा! परक्या मुलखात पहिल्यांदा कुणीतरी तब्येत विचारली, म्हणून मग मी सगळं सांगितलं. विमानात कान कसा बंद झाला, जेवण कसं मिळमिळीत, रात्री झोप लागते पण पहाटे कशी मोडते, पोट साफ होत नाही ते. पोट सांगताना इंग्रजी कमी पडलं म्हणून हातानं करून दाखवलं. मागं रांग लागली होती. तो पोरगा "ओह, राइट, राइट" म्हणत दुधाची बाटली हातात धरून उभा. नात माझ्या कोटात तोंड खुपसून.

बाहेर आल्यावर म्हणाली, "आजी! ही डझन्ट वॉन्ट टु नो!"

"मग विचारलं कशाला त्यानं?"

"इट्स जस्ट हाय, आजी. तू पण ऑलराइट म्हणायचं, दॅट्स इट."

आता मला सांगा, माझा सगळा जन्म कोल्हापुरात गेला. आमच्या गल्लीत भर दुपारी चार वाजता भेटलेला माणूसही "काय, जेवलासा काय?" म्हणतो. न्हाय म्हटलं म्हणून कुणी घरातून ताट वाढून आणत नाही. हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. पण तेच दुसऱ्या भाषेत समोर आल्यावर ह्या शहाणीला ओळखता आलं नाही. परक्या भाषेत माणूस म्हातारा असला तरी लेकरूच असतो, जे ऐकलं ते खरं मानतो.

खरी गंमत त्यापुढं झाली. मुलाच्या घराला मागं छोटी बाग आणि शेजारणीच्या बागेत नि आमच्यात कमरेएवढं लाकडी कुंपण. शेजारीण माझ्याच वयाची, एकटी, हसतमुख. मी बाहेर उभी असले की कुंपणाशी यायची. हवेबद्दल बोलायची. एक दिवस जाता जाता म्हणाली, "यू मस्ट कम राउंड फॉर अ कप ऑफ टी समटाइम. इट वुड बी लव्हली."

मस्ट म्हणाली हो. म्हणजे यायलाच पाहिजे. एवढ्या आग्रहानं बोलावलंय म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी तिच्या दारात. रिकाम्या हातानं जायचं कसं, म्हणून कोल्हापुराहून नेलेल्या भडंगाचा डबा सोबत. कांदा-लसूण मसाला लावून मीच परतलेलं, तिखटजाळ. तिनं दार उघडलं तेव्हा ती झोपायच्या गाऊनमध्ये होती, हातात टोस्ट, केस पिंजारलेले. "ओह!" म्हणाली. मी म्हटलं, "टी!" आणि चप्पल काढून आत.

बिचारीनं चहा केला. मी तिच्या बशीत भडंग ओतलं. तिनं दोन दाणे खाल्ले, "दॅट्स इंटरेस्टिंग" म्हणाली आणि बराच वेळ पाणी पीत राहिली. मी डबा पुढं केला.

"ओह, आय ॲम गुड, थँक्स."

गुड म्हणाली म्हणजे मजेत आहे. मी ओतलं. खाल्लं तिनं. संपल्यावर पुन्हा डबा पुढं.

"नो, रिअली, आय ॲम गुड."

आता रिअली गुड म्हटल्यावर माझा हात थांबेल? आणि समजा ती नको म्हणत होती हे मला कळलं असतं, तरी आमच्याकडं पहिल्या नकोला कोण विचारतं? पहिलं नको म्हणजे रीत, दुसरं म्हणजे लाज, तिसऱ्याला माणूस खरं काय ते सांगतो. आमच्यात पावण्याला दोनदा विचारून डबा झाकला तर त्याचा अपमान होतो. मी तिसऱ्यांदा ओतलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, एकटी बाई, माया बघून भरून आलं असेल.

घरी येऊन विजयी मुद्रेनं सांगितलं, "तीनदा घेतलं तिनं!" नातीनं सगळी हकीकत विचारून घेतली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग बोटांच्या फटीतून माझ्याकडं बघत म्हणाली, "आजी, यू नीड लेसन्स."

तिथून आमची शिकवणी सुरू झाली. शाळेतून आली की पायात मोजे तसेच, हातात बिस्कीट, आणि आम्ही दोघी घरातल्या जिन्यावर. ती एक पायरी वर, मी खाली, कारण ती मास्तरीण. ती शेजारीण व्हायची, मी मी व्हायचं. मग उलट. "आय ॲम गुड म्हणजे नो. सो यू आस्क वन्स, आजी. ओन्ली वन्स!" असं बोट नाचवून. "आणि समटाइम म्हणाले की नॉट रिअली. दे आर जस्ट बीइंग नाइस. तू कधी, किती वाजता असं विचारलं की दे गेट सो एम्बॅरस्ड." मी म्हटलं, म्हणजे हे कुंपणावर उभं राहून बोलायचं इंग्रजी. आत यायचं नाही, नुसतं हसून निरोप घ्यायचा. तिला तो शब्द फार आवडला. "कुम्पन इंग्लिश," म्हणायची. एखादी गोष्ट तिची आई नुसती बरं वाटावं म्हणून बोलली की ही हळूच माझ्या कानाशी येऊन, "कुम्पन!" मग आम्ही दोघी खिदळायचो आणि सुनेला कळायचं नाही काय झालं ते.

जिन्यावरच्या त्या संध्याकाळी मला अजून जशाच्या तशा दिसतात. बाहेर लवकर अंधार पडलेला, तिच्या केसांना शाळेचा वास, आणि माझं वाक्य बरोबर आलं की ती स्वतःच्या बिस्किटातला तुकडा मोडून मला द्यायची. आयुष्यात मला एवढ्याशा कामासाठी एवढं मोठं बक्षीस कुणी दिलेलं नाही. विमानतळावर निघताना तिनं गळ्याला मिठी मारली आणि म्हणाली, "आजी, कम बॅक सून." मी मान वर करून बघितलं. म्हणाली, "नॉट कुम्पन."

पण पुन्हा जाणं झालं नाही. आधी साथीची ती दोन वर्षं गेली, मग माझं रक्तदाब-प्रकरण, मग मुलाची नोकरी बदलली. ते तिघं इकडं येऊन जायचे ते लग्नाकार्यापुरते, पाहुण्यांच्या गराड्यात. नात माझ्या वाट्याला कधी आलीच नाही.

आणि मी? शिकून आलेली बाई काय करते? गावाला शिकवते. कोल्हापुरात परत आल्यावर माझ्या अंगात एक नवीन शिस्त शिरली होती. मुरगूडहून माझी थोरली नणंद आली. मी पोहे केले, बशी पुढं धरली.

वन्सं म्हणाल्या, "नको गं, आत्ताच खाऊन निघालेय."

मी म्हटलं, "बरं." आणि बशी उचलून आत नेली.

तासभर बसल्या त्या. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, पण त्यांचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडं. त्यांनी मग मुरगुडात जाऊन केलेलं वर्णन माझ्यापर्यंत चार तोंडांनी आलं. "नको म्हटलं तर उचलून नेली की गं बया बशी! वरनं लिंबू पिळलेलं, खोबरं घातलेलं, वास सुटलेला! एकदा इच्यारलं, संपलं! इंग्लंडास्नं हेच शिकून आलीया व्हय?" तेव्हापासून माहेरपणाला, बारशाला, कुठंही गेले की "वैनी एकदाच इच्यारती, बसा लवकर वाट्या पुढं करून," अशी माझी कीर्ती. मला मनातून अभिमान वाटायचा. ह्यांना काय कळणार, म्हणायची. काय दिमाख होता बाईचा!

तिकडं नात मोठी होत होती. फोनवर आता माझं इंग्रजी चांगलं चालायचं, पण तिच्याकडं वेळ थोडा. मोबाईल कुठंतरी टेकवून ठेवून ती काहीतरी करत असायची. गेल्या काही वर्षांत मला तिचं अर्धं कपाळच जास्त दिसलं. "ऑल गुड, आजी?" "ऑल गुड!" "स्कूल?" "येह, फाइन." मी एकदाच विचारायची. फाइन म्हणाली म्हणजे फाइन. शिकवलेलंच होतं तिनं तसं. फोन ठेवला की मात्र वाटायचं, आपण दोघी जिन्यावर नाही, कुंपणाच्या दोन बाजूंना आहोत. पण हे कुणाला सांगणार?

ह्या वर्षी उन्हाळ्यात, तिची शाळेची शेवटची परीक्षा जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी फोन आला. आमच्या पेठेतला संघ त्या दिवशी फुटबॉलचा सामना जिंकलेला, खाली हलगी नि गुलाल, पोरं नाचत होती. मी गॅलरीचं दार लावून घेतलं. त्या दिवशी तिचा चेहरा अख्खा दिसत होता. केस एका बाजूला घेतलेले. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली,

"आजी, आय वॉज काइंड ऑफ थिंकिंग… एग्झाम झाली ना, की मेबी आय कुड कम अँड स्टे विथ यू? लाइक, फक्त मी. फॉर द समर. इट वुड बी सो नाइस." आणि मग हसून, भरभर, "बट नो वरीज इफ नॉट!"

ज्या वाक्याची मी किती वर्षं वाट बघत होते ते वाक्य समोर आलं होतं. आणि त्याच क्षणी माझ्यातली ती शिकलेली बाई पदर सावरून पुढं आली. म्हणाली, थांब. नीट ऐक. काइंड ऑफ म्हणाली. मेबी म्हणाली. वुड बी नाइस म्हणाली. वर "नसेल जमत तर काही हरकत नाही" असंही जोडलंय. हा सगळा माल कुठला? कुंपणावरचा. परीक्षेच्या तणावात पोरीनं आजीला बरं वाटावं म्हणून एक गोड वाक्य टाकलंय. अठरा वर्षांची पोर, मैत्रिणी सोडून उन्हाळाभर तुझ्याजवळ कशाला येऊन बसेल? आता तू जर कमरेला पदर खोचून "कधी येतेस, कुठल्या विमानानं येतेस" म्हणून मागं लागलीस तर तिची अवस्था गाऊनमधल्या त्या शेजारणीसारखी होईल. लेकराला पेचात टाकू नकोस.

म्हणून मी माझं सगळ्यात सुरेख इंग्रजी काढलं. "ओह, दॅट वुड बी लव्हली! समटाइम, डेफिनेटली! अँड नो वरीज ॲट ऑल!"

ती "येह," म्हणाली. "कूल." मग मोबाईल जरा हलला आणि पुन्हा अर्धं कपाळ दिसायला लागलं. "ओके, लव्ह यू, बाय."

फोन ठेवून मी गॅलरीत गेले. किती शहाण्यासारखं सांभाळून घेतलं आपण, असं मनाशी म्हटलं. खाली सगळी गल्ली गुलालानं लाल झाली होती. कुणीतरी वर बघून ओरडलं, "आजी, जिंकलो!" मी हात हलवला. आणि पदरानं डोळे पुसत आत आले. त्या शहाण्या बाईनं तेव्हा तरी स्वतःला विचारायचं होतं, एवढं बरोबर बोलून आलीस तर रडतेस कशाला?

मे गेला, जून गेला. परीक्षा झाली असं मुलाकडून कळलं. नातीचे फोन कमी झाले.

आखाडात वन्संच्या नातवाचं जावळ होतं. मुरगुडात मांडव, बकरं पडलेलं, पंगतीवर पंगत. घरातल्या बायका वाढायला. वन्संनी मला पांढऱ्या रश्श्याची बादली दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वैनी, हितं एकदाच इच्यारून पुढं पळायचं न्हाय हां! माझी माणसं उपाशी उठतील."

"वाढते की नीट," मी म्हटलं.

बायकांच्या पंगतीत घरची नवी सून बसली होती, लग्नाला तीनेक महिने झालेली. सासूच्या समोर जेवत होती म्हणून मान खाली. मी ओगराळं भरून तिच्या वाटीपाशी वाकले, तर तिनं चटकन वाटीवर हात आडवा धरला. "नको, नको मामी. बास झालं."

"बरं," म्हणून मी सवयीनं पुढं वळणार, तेवढ्यात माझी नजर तिच्या हातावर गेली. हात वाटीवर होता खरा, पण बोटं फाकलेली होती. मधून वाटीचा तळ दिसत होता, कोरडा. तोंडानं नको म्हणत होती आणि बोटांनी जागा ठेवली होती. कुणी पुन्हा विचारलं तर हात काढून घेता यावा, आणि नाहीच विचारलं तर आपण मागितलं होतं असं कुणाला वाटू नये.

मी म्हटलं, "घे की गं. घे."

हात हळूच मागं सरकला. मी वाटी भरली. तिनं वर बघितलं आणि अशी हसली की बस.

मी तिथंच उभी. ओगराळं हातात, बादली हातात. कानात एकच वाक्य, हसून, भरभर म्हटलेलं. नो वरीज इफ नॉट. अगं बाई! तोही हातच होता. वाटीवर आडवा धरलेला, बोटं फाकवून. आणि मी एकदा बघून पुढं गेले.

"वैनी, पुढं सरका की!" मागून वन्सं ओरडल्या. "पंगत खोळंबलीया! काय झालं ओ, डोळ्यात रस्सा उडाला काय?"

"व्हय, उडाला," म्हटलं.

संध्याकाळी कोल्हापुरात पोचल्या पोचल्या मुलाला फोन लावला. त्याला उन्हाळ्यातली सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं, "बाबा, तिला खरंच यायचं होतं का रे?"

तो म्हणाला, "आई, तिनं विमानाचं तिकीट बघून ठेवलं होतं. तू समटाइम म्हणालीस म्हणून मग गप्प झाली. मला म्हणाली, आजीला त्रास होईल बहुतेक. आता एका कॉफीच्या दुकानात कामाला लागलीय, सुट्टीभर."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, तुला खरंच झेपणार नसेल."

घरातली सगळी माणसं किती समजूतदार! एकमेकांना त्रास नको म्हणून जो तो आपापल्या जागी हात बांधून बसलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तिकडची सकाळ बघून, मी तिला फोन लावला. आधी आरशापुढं इंग्रजी वाक्यं जुळवली होती. ती समोर आली, कॉफीच्या दुकानाचा काळा एप्रन घातलेला, दात घासत, आणि माझी सगळी वाक्यं पळाली.

मी म्हटलं, "तू ये."

"व्हॉट? आजी, ऑल गुड?"

"काही ऑल गुड नाही. तू माझ्याकडं ये. राहायला. फक्त तू."

तिनं ब्रश बाजूला ठेवला. "ओह. आजी, इट्स फाइन. ऑनेस्टली. यू डोन्ट हॅव टु."

"फाइन म्हणू नकोस. ये."

"आय हॅव अ जॉब नाऊ…"

"सोड जॉब."

ती फस्सकन हसली. "आजी! यू कान्ट जस्ट से दॅट!"

"कोल्हापूरची आहे मी. आमच्यात असंच म्हणतात. तीनदा विचारलंय, अजून विचारीन."

हसता हसता तिचा चेहरा बदलला. लहानपणी जिन्यावर रुसून बसायची तसा झाला. हळू आवाजात म्हणाली, "यू सेड समटाइम."

"म्हटलं होतं."

"सो मला वाटलं… तुला नको आहे."

एवढं शुद्ध मराठी तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते ह्या वाक्यासाठी वापरावं लागलं तिला. मी मग सगळं सांगितलं. मराठीत, इंग्रजीत, जे हाताला लागेल त्यात. मला वाटलं तू कुंपणावरून बोलतेयस, म्हणून मीही कुंपणावरून बोलले. तुला शेजारणीसारखं अवघडायला नको म्हणून. मला एवढं हवं होतं तुझं येणं, की ते मागायचीच भीती वाटली.

"आय टॉट यू टू वेल," ती नाक पुसत म्हणाली. आपणच फार चांगलं शिकवलं म्हणे! मग तिनं घड्याळाकडं बघितलं. कामाची वेळ झाली होती. "लेट मी सी, ओके आजी? आय विल सी." आणि गेली.

आता ह्या "बघते"चं काय करायचं? जिन्यावरच्या शिकवणीत तो शब्द आला नव्हता. सुट्टी संपत चालली आहे, तिचं कॉलेज पुढच्या महिन्यात उघडेल, दुसऱ्या गावी. नंतर ती कुणाची, कुठली, कोण सांगणार? आमच्या वाट्याचा जो उन्हाळा होता तो मी हसत हसत परत पाठवला. पण मी आता रोज फोन करते आणि रोज विचारते. ती रोज "आजीऽऽ" म्हणून कुरकुरते. फोन मात्र ठेवत नाही. मोबाईल हातात धरून बसते, अख्खा चेहरा दिसेल असा. कॉफीच्या दुकानातला मुकादम कसा खडूस आहे ते सांगते. आईची उणीदुणी काढायला तर तिनं सुरुवातही केली आहे.

काल बोलता बोलता मधेच थांबली. म्हणाली, "आजी, कॅन आय आस्क समथिंग? इट्स अ बिट एम्बॅरसिंग."

"विचार."

"तुझ्या घरी टॉयलेट… इज इट स्टिल द स्क्वॉटिंग वन?"

"नाही गं बाई! कमोड बसवलाय मागच्या वर्षी. पांढराशुभ्र. वरून पाण्याचा फवारासुद्धा आहे."

"ओके," ती म्हणाली. "जस्ट आस्किंग."

मी पुढं काही विचारलं नाही. ज्याला यायचंच नाही तो माणूस असली चौकशी करत नाही, एवढं मला कुठल्याही भाषेत कळतं. फोन ठेवला, पदर खोचला, ब्रश आणि साबणाची बाटली घेतली, आणि ते भांडं घासून घासून असं लख्ख केलं, की आमच्या मोलकरणीनं दारात येऊन विचारलं, "काय ओ आजी, कोण पावणं येणार हायती?"

"बघू," म्हटलं. आणि पुन्हा घासायला लागले.